नळदुर्गचे डंकन

नळदुर्गच्या एसटी स्टँडवर डंकन काका कोणाला आधी गाव विचारत नसत, आडनाव विचारत. माणूस घाईघाईनं खिडकीशी यायचा, "साहेब, उमरग्याची गाडी कधी हाय?" काका चष्मा कपाळावर सरकवायचे, त्याच्याकडं नीट बघायचे आणि म्हणायचे, "गाडी येती. आडनाव काय तुमचं?"

माणूस गडबडायचा. आडनाव सांगितल्याशिवाय गाडीत बसू देत नसतील असं वाटून सांगून टाकायचा. मग काका बोटानं टेबलावर ठकठक करत विचार करायचे. "तुमी मूळचे इकडचे न्हाय. तुमी परंड्याकडचे. तुमचा आजा न्हायतर पणजा बायकोच्या गावाला ऱ्हायला आला असंल."

"व्हय की! पणजा घरजावई होता. तुमाला कसं कळलं?"

काका नुसते हसायचे. हसले की त्यांचे घारे डोळे पार मिटून जायचे. तेवढ्यात उमरग्याची गाडी आलेली असायची. कधी निघूनही गेलेली असायची. एकदा एका म्हाताऱ्याची गाडी अशीच बोलण्यात गेली, तेव्हा काका स्वतः हायवेवर जाऊन उभे राहिले, हैदराबादकडं जाणारा एक ट्रक थांबवला आणि म्हाताऱ्याला क्लीनरच्या जागी बसवून दिलं. ड्रायव्हरला सांगितलं, "नीट न्या. हे आपल्या लोहाऱ्याचे जुने लोक हायेत."

ते स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्यांची ये-जा बघायची, नोंद करायची आणि भोंग्यावरून सांगायचं. भोंग्यावर त्यांची भाषा एकदम निराळी व्हायची. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." भोंगा बंद केला की लगेच, "ए, म्हशीवाल्या, हाकल ती म्हैस फलाटावरनं!"

मी स्टँडच्या लिंबाखाली टोपली घेऊन बसत असे. थंडीत पेरू आणि बोरं, उन्हाळ्यात काकड्या, मधल्या दिवसांत उकडलेल्या शेंगा. दुसऱ्या बायका गाडी आली की खिडकीखिडकीला पळायच्या, ओरडायच्या. मला ओरडणं जमत नसे. आवाज गळ्यात यायचा आणि तिथंच बसायचा. माझी टोपली संध्याकाळी तशीच असायची. काकांनी हे बघितलं होतं, पण मला काही बोलले नाहीत. एका दुपारी अक्कलकोटची गाडी लागली आणि भोंग्यावरून आवाज आला, "अक्कलकोट गाडी फलाट दोनवर लागलेली आहे. गाडी दहा मिनिटं थांबेल. गोड पेरू लिंबाखाली मिळतील." सगळा स्टँड हसला. मी पदर तोंडावर घेतला. पण लोक खरंच लिंबाखाली आले.

पुढं बरेच दिवस असं चाललं. मग वरचा कुणी साहेब तपासणीला आला. त्यानं ऐकलं आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "हे स्टँड आहे का बाजार?"

काका उभं राहून म्हणाले, "साहेब, उपाशी माणसाला गाडी लागती. वांत्या होतात. गाडी धुवायला लागती." साहेबानं भोंग्यावरचे पेरू बंद करायला लावले. जाताना स्वतः घेऊन गेला.

काकांना चहा बसून पिताना मी कधी पाहिलं नाही. बशीत ओतून, उभ्यानं, हायवेकडं तोंड करून प्यायचे. म्हणायचे, "बसून प्याला की गाडी येती." खाकी कपडे इतके कडक इस्त्रीचे की चालताना करकर वाजायचे. बायको लवकर गेली होती, एक मुलगी लातूरला नर्स होती. इस्त्री स्वतःच करायचे. कोणाशी भांडण नाही आणि कोणाचं भांडण चालू दिलंही नाही. एकदा खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागेवरून दोघं हातघाईवर आले होते. काकांनी दोघांना आडनावं विचारली. एक बनसोडे मुरूमचा, एक बनसोडे येणेगूरचा. मग आजाचं नाव, पणजाचं नाव. शेवटी काका म्हणाले, "अरे, तुमी तर चुलतभाऊ लागता एकमेकाचे! मग बरोबर हाय. चुलतभाऊ जागेवरूनच भांडतात. भांडा आता." दोघं हसले आणि एका जागेवर दोघं बसून गेले.

सगळ्या जगाच्या आडनावांचा पत्ता लावणाऱ्या या माणसाला स्वतःच्या आडनावाचा पत्ता नव्हता.

रतन डंकन. छातीवरच्या पट्टीवर तसंच लिहिलेलं होतं. नवा माणूस ती पट्टी वाचायचा आणि विचारायचा, "डंकन? हे कसलं आडनाव? तुमी ख्रिश्चन का?" काका म्हणायचे, "न्हाय, बौद्ध." "मग डंकन कसं?" त्यावर काका फळ्याकडं वळायचे आणि खडूनं आधीच लिहिलेली वेळ पुसून परत तीच लिहायचे.

नळदुर्गच्या लोकांना मात्र उत्तर माहीत होतं, म्हणजे माहीत आहे असं त्यांना वाटायचं. किल्ल्यापासून थोडं बाहेर, बोरी नदीच्या अंगाला, एका गोऱ्या साहेबाचं थडगं आहे. जुन्या काळी इथं फौजेचा तळ पडायचा, त्याला कंपू म्हणायचे. त्या कंपूतला एक साहेब तापानं मेला आणि त्याला तिथं पुरलं. त्या साहेबाचं नाव डंकन. पावसाळा सरला की दर वर्षी काका चुन्याची बादली घेऊन जायचे आणि थडगं पांढरं करायचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील करायचे, त्याच्या आधी आजी. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडून टाकल्या होत्या. आपल्याकडं परक्याच्या मढ्याला चुना कोण लावतो? नाव साहेबाचं, डोळे घारे, थडग्याची सेवा. म्हणजे ही साहेबाचीच अवलाद. काकांची पणजी साहेबाकडं होती.

थडग्याची लोकांना तशी भीती नव्हती. डांग्या खोकल्याच्या लेकराला तिथं नेऊन टेकवायचे. साहेब आहे म्हणून नारळ नाही, बिस्किटं ठेवायचे. कोणी कपभर चहाही. काका ओरडायचे, "अरे, दवाखान्यात न्या लेकराला! हे काय देव हाय?" पण ठेवलेली बिस्किटं फेकत नसत. कुत्र्यांना घालायचे.

स्टँडवरचे लोक त्यांना गमतीनं "साहेबाचा नातू" म्हणत. त्यात वाईट कोणाच्या मनात नसायचं. पण एक दिवस ड्रायव्हर-कंडक्टरांच्या खोलीत एक ड्रायव्हर काकांच्या पणजीबद्दल बोलला. काय बोलला ते मी लिहिणार नाही. खोलीतले सगळे हसले, ते लिंबापर्यंत ऐकू आलं. काका बाहेर आले. त्या दुपारी गाड्या आल्या, गाड्या गेल्या, भोंगा गप्प होता. लोक एकमेकांना विचारून चढत होते.

संध्याकाळी ते लिंबाखाली आले आणि उभे राहिले. पेरू हातात घेतला, परत ठेवला. म्हणाले, "सिंधू, माझ्या पणजीला म्या पाहिलं न्हाय. तिचं नावसुद्धा मला माहीत न्हाय. आणि रोज कोणीतरी तिच्यावर बोट ठेवतंय. मला राग येतो तो ह्याचा न्हाय. मला उत्तर देता येत न्हाय, ह्याचा येतो. खरं असंल तर खरं म्हणीन. जोरजबरदस्ती झाली असंल तर तसं म्हणीन. पण कळू तर द्या."

तेव्हा मला समजलं की हा माणूस जगाला आडनावं का विचारत फिरतो.

मी म्हणाले, "घरात कोणी जुनं माणूस?"

"हाय की. जळकोटला आत्या हाय, गयाआत्या. पण तिनं माझ्याशी बोलणं टाकलंय."

"का?"

"हेच विचारलं म्हणून."

तरणे होते तेव्हा एकदा आत्यासमोर जाऊन त्यांनी सरळ विचारलं होतं, "पणजीचं आणि साहेबाचं काय होतं?" आत्यानं हातातला तांब्या फेकून मारला होता. कपाळावर खूण होती. चष्मा वर सरकवला की दिसायची. तेव्हापासून आत्या समोर आली की तोंड फिरवायची. लग्नात, मयतीत, कुठंही. बाकी काकांनी सगळ्यांना विचारून झालं होतं. मामा, चुलते, पेन्शनीत निघालेले गुरुजी, किल्ल्यावर माहिती सांगणारे. कोणी म्हणायचं असंल, कोणी म्हणायचं नसंल.

आणि मग ती बाई आली.

स्टँडच्या दारात सोलापूरची एक टॅक्सी थांबली. तिच्यातून एक म्हातारी गोरी बाई उतरली. पांढरे, बारीक कापलेले केस, पायात जाड बूट, तोंड उन्हानं लालबुंद. बरोबर टॅक्सीचा ड्रायव्हर आरिफभाई. त्याला तिची भाषा येत होती. किल्ल्यावर चौकशी करता करता तिला कोणीतरी स्टँडवर पाठवलं होतं. बाई खिडकीशी आली, काकांच्या छातीवरची पट्टी बघितली आणि तिचे डोळे भरून आले. तिनं खिडकीतून दोन्ही हात आत घातले आणि काकांचा हात धरला.

आरिफभाई म्हणाला, "काका, बाईचं बी आडनाव डंकन हाय. वो जो कबर में हैं ना, ते तिच्या पणजोबाचे भाऊ. कोणी किल्ला बघायला आलता, त्यानं कबरीचा फोटो टाकला, त्यावरून आली. बोलती, तुमी तिचे नातेवाईक."

माझ्या मागं गर्दी जमली होती. पणजीबद्दल बोललेला तो एसटीचा ड्रायव्हरही होता. मोठ्यानं म्हणाला, "आली बघा माहेरची माणसं! म्या काय म्हणत होतो?"

काकांचा चेहरा मी बघितला. इतकी वर्षं शोधत होते ते समोर उभं होतं, आणि त्यांना ते नको होतं. तरी ते बाहेर आले, बाईला बाकावर बसवलं, चहा सांगितला. मग सवय कुठं जाते? त्यांनी विचारलंच, "बाई, तुमी मूळचे कुठले?"

आरिफभाईनं विचारून सांगितलं. बाई आयर्लंडची, त्याच्या वरच्या अंगाची. पण मूळचे तिथले नाहीत. लई पिढ्यांमागं स्कॉटलंड नावाच्या मुलखातून बोटीनं येऊन तिथं राहिलेले. तिकडं विणकरी करायचे. तिनं सगळ्या घराण्याचा माग काढला होता. कोण अमेरिकेला गेलं, कोण कुठं. एवढा एक पोरगा राहिला होता, जो हिंदुस्थानात गेला आणि परत आला नाही.

काका पुढं सरकले. "म्हंजे तुमचं आडनावसुद्धा दुसरीकडनं आलेलं! मग आयर्लंडचे लोक तुमाला बाहेरचे म्हणत असतील?"

बाई हे ऐकून एकदम हसली. आरिफभाई म्हणाला, "बोलती, अजून म्हणतात."

"बघा!" काका म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांचे डोळे मिटले.

मग बाईनं पिशवीतून एक छोटी नळी काढली. आरिफभाई जरा लाजतच म्हणाला, "काका, ह्याच्यात थुंकी द्या म्हणती. तपासून रक्ताचं नातं कळतं."

"थुंकीवरनं?" काकांनी फलाटाच्या लाल भिंतीकडं हात केला. "मग ती भिंत न्या म्हणावं. सगळ्या तालुक्याची नाती निघतील."

गर्दी हसली. काका हसले नाहीत. नळी हातात धरून बसले. म्हणाले, "आत्याला विचारल्याशिवाय न्हाय. ह्या नळीतून कायबी निघंल, पण आत्या जिती असताना म्या तिच्या आजीचा निकाल परभारे लावून घ्यायचा न्हाय." मग माझ्याकडं बघितलं. "सिंधू, चल बरोबर. माझ्याशी ती बोलणार न्हाय. बाईमाणूस पायजे."

मी कधी टॅक्सीत बसले नव्हते. टोपली शेजारणीकडं ठेवली आणि गेले.

आधी थडग्यावर गेलो. काकांनी नुकताच चुना दिला होता, उन्हात डोळे दिपत होते. बाईनं दगडावरची अक्षरं बोटानं वाचली आणि आरिफभाईला साहेबाचं वय सांगितलं. काका म्हणाले, "अरे, हे तर पोरगंच की! मिसरूड तरी फुटलं होतं का?" इतकी वर्षं चुना लावला, पण दगडावर काय लिहिलंय ते त्यांनाही कोणी वाचून दाखवलं नव्हतं. बाईनं विचारलं, हे पांढरं कोण करतं? काका म्हणाले, "आमी." का? काकांनी हात पसरले. "आमच्यात चालत आलंय."

जळकोटला गयाआत्या अंगणात बाजेवर बसून तुरी निवडत होती. अंगावर हिरवं लुगडं, कातडी सुकल्या आंब्यासारखी, नजर मात्र सुईसारखी. गोऱ्या बाईला बघून म्हणाली, "ही कोण? डोळे तपासाया आली का? माझे चांगले हायेत."

मग तिला मागं काका दिसले. तिनं तोंड फिरवलं आणि मला म्हणाली, "तू कोण गं?"

मी नाव सांगितलं. मी तिच्याजवळ खाली बसले आणि सुपातल्या तुरी निवडायला लागले. निम्मं सूप निवडून झालं. शेवटी आत्याच म्हणाली, "ही साहेबाच्या घरची का?"

मी मान हलवली.

"आणि हा तिचा भाऊबंद व्हाया निघालाय?"

काका अंगणाच्या कडेला उभे होते, चार हातांवर. म्हणाले, "आत्या, मला व्हायचं न्हाय. मला कळू दे फक्त."

आत्या माझ्याकडंच बघून बोलली. "ह्याला सांग, ह्यानं सगळ्या बाप्यांना विचारलं. चुलत्याला विचारलं, मामाला विचारलं, मास्तरला विचारलं. बाप्यांना काय म्हाईत? आणि मला विचारलं ते कसं विचारलं? 'काय होतं?' माझ्या आजीचं काय होतं, असं विचारतं व्हय कोणी?"

मी काकांकडं बघितलं. त्यांनी खाली मान घातली होती.

आत्यानं सूप बाजूला ठेवलं. "ह्याला विचार, पितरात साहेबाचं ताट होतं का कधी?"

काका जन्मले तेव्हा घरानं धर्म बदललेला होता, पितरं बंद झालेली होती. आत्यानं मात्र लहानपणी ते बघितलेलं होतं.

"म्या एवढीशी होते," ती म्हणाली. "आई पितरं घालायची. एकेकाच्या नावानं घास काढायची. हा आज्याचा, हा आजीचा, हा हिरीत बुडालेल्या काकाचा. एक लेकरू जन्मलं आणि लगेच गेलं, त्याचं नावबी ठेवलेलं न्हवतं, त्यालासुद्धा घास होता. 'बिननावाच्या बाळाचा' म्हणून ठेवायची. आणि साहेबाला? साहेबाला कधीच न्हवता. त्याला चुना आणि पणती, बस. अगं, रक्ताचा असता तर त्याला उपाशी ठेवलं असतं का आमी?"

आरिफभाई हळू आवाजात बाईला सांगत होता.

मग आत्या सांगायला लागली आणि थांबली नाही. पोरगा मेला आणि दोन दिसांत कंपू हलला. जाताना त्यांनी गावाला हुकूम केला, डंकनची कबर सांभाळायची. गावानं तो हुकूम आपल्या अंगावर कशाला ठेवून घ्यावा? गावानं तो महारवाड्यात ढकलला. तिथून तो काकांच्या पणजाच्या गळ्यात पडला. मेलेली गुरं ओढायची, सांगावे पोचवायचे, त्यात हे आणखी एक. पणजा दिवसभर गावाच्या कामाला. मग थडग्यावर कोण जाणार? त्याची बायको जायची. भट्टीवरून चुना मागून डोक्यावरच्या पाटीत आणायची, एकटी जायची, लावायची. गावातून कोणी तिकडं निघालं की लोक सांगायचे, डंकनवाल्यांना विचारा. म्हणता म्हणता 'वाले' गळून गेलं.

"आणि एक बाई एकटी गोऱ्याच्या थडग्यावर जाती, हे लोकांनी बघितलं," आत्या म्हणाली. "जिता साहेब तिनं डोळ्यानं बघितला न्हवता. मेलेल्याशी जोडली तिला."

"मग आज्यानं कधी सांगितलं का न्हाय?" काकांनी विचारलं.

आता आत्यानं त्यांच्याकडं सरळ बघितलं. "तुझ्या आज्याला, माझ्या बापाला, बरं वाटत होतं. साहेबाचे म्हणलं की मान होता. ढोर ओढणाऱ्याचे म्हणलं की काय होतं? त्यानं लोकांना बोलू दिलं. आईला माझ्या ते खुपायचं. आपण धर्म घेतला तेव्हा सगळी गावकीची कामं टाकली. पोरं म्हणाली, थडगंबी वेठच हाय, टाका. तवा आई म्हणाली, वेठ ज्यानं लावली तो गेला. आता म्या जाते ती माझ्या मनानं जाते. लेकरू हाय कुणाचं तरी."

काका खाली मातीतच बसले. इस्त्रीची पँट, त्यांनी बघितलंही नाही.

"आणि डोळे?" त्यांनी विचारलं. "माझे डोळे?"

"तुझ्या आईचं माहेर अणदूर न्हाय का? समदी मांजरडोळी जमात! तुझा मामा तर रातचा चमकायचा. एवढी आडनावं शोधलीस मेल्या, मामाच्या तोंडाकडं बघितलं न्हाईस?"

मला हसू आवरलं नाही. काकाही हसले, आणि हसता हसता त्यांनी तोंडावर रुमाल धरला. बराच वेळ तो खाली घेतला नाही.

गोऱ्या बाईनं नळी पिशवीत परत ठेवली होती. तिचंही तोंड उतरलं होतं. इतक्या लांबून आली आणि भाऊबंद मिळाला नाही. तिनं आरिफभाईला काहीतरी सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, बाई बोलती, ह्या पोराच्या आईला तो कुठं पुरलाय ते कधी कळलंच न्हाय. ती मरेपर्यंत विचारत होती म्हणे."

आत्यानं बाईचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. "हिला म्हणावं, पोरगं उघड्यावर न्हवतं."

आरिफभाईनं ते सांगितलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला त्यांची भाषा कळत नाही. पण त्यानंतर बाई आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली ते कळायला भाषा लागली नाही.

निघताना काका आत्याच्या पायाशी गेले. म्हणाले, "आत्या, तिचं नाव काय होतं?"

"भागू," आत्या म्हणाली. "भागूबाई."

परतीच्या वाटेवर काका पुढच्या सीटवर बसले होते आणि काचेकडं तोंड करून ते नाव हळू हळू म्हणत होते. दुसऱ्या दिवशी रजा टाकून अणदूरला गेले. मामाच्या पोरांना एकेकाला उन्हात उभं करून डोळे बघितले. परत आल्यावर मला म्हणाले, "सगळे मांजर. एकसुद्धा सुटला न्हाय."

त्या एसटीच्या ड्रायव्हरशी ते भांडले नाहीत. त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले, चहा मागवला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ढोरं ओढण्याचं, वेठीचं, चुन्याचं. एवढी वर्षं त्यांच्या आज्यानं झाकलेलं त्यांनी भर स्टँडवर सांगितलं. ड्रायव्हर ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "माझं चुकलं काका." काका म्हणाले, "मला न्हाय, तिला म्हण." तेव्हा तो माणूस कुठं बघून म्हणावं म्हणून इकडंतिकडं बघायला लागला.

पुढं काका रिटायर झाले आणि लातूरला मुलीकडं राहायला गेले. भोंग्यावर दुसरा माणूस आला, त्याचा आवाज चांगला होता, पण तो आडनावं विचारत नसे. गयाआत्या गेली तेव्हा काका तिच्या उशाशी होते असं ऐकलं. मागच्या थंडीत काकाही गेले. त्यांच्या मुलीचा निरोप आला, चुना आता ती लावणार आहे.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच्या आधीच्या पावसाळ्यानंतर. चुना देऊन ते स्टँडवर आले होते, बोटं भाजल्यासारखी पांढरी झाली होती. खांदा दुखत होता. लातूरची गाडी लागली तेव्हा मी हात धरून त्यांना चढवलं. खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी राहिले. शेजारी एक तरुण मुलगी बसली होती, कॉलेजची असावी. काकांनी तिला काहीतरी विचारलं, मला माहीत आहे काय विचारलं असेल. तिनं सांगितलं. मग तिनं उलट त्यांना विचारलं, आणि त्यांनी सांगितल्यावर कपाळाला आठी घातली, जशी सगळे घालतात.

काका तिच्याकडं पूर्ण वळून बसले. इंजिन चालू झालं होतं, मला आवाज येत नव्हता. हात हालताना दिसत होते. त्यांनी आधी चुना कालवला, मग लांबवर कुठंतरी बोट दाखवलं, मग डोक्यावर पाटी घेऊन चालणारी बाई दाखवली. ती मुलगी तोंड उघडं ठेवून ऐकत होती. गाडी मागं आली, वळली. माझ्याकडं हात करायचं ते पार विसरले होते. हायवेला लागेपर्यंत मला त्यांची पाठ दिसत होती. त्यांचा हात अजून डोक्यावरच होता, भागूबाईची पाटी सावरत.